दत्तक संस्थेची पारख कशी करावी

मूल दत्तक घ्यायचे ठरले की पुण्यातली बहुतेक जोडपी ओळखीपाळखीत पहिला प्रश्न विचारतात तो ‘चांगली संस्था कोणती?’ हा. नोंदणी आता ‘कारा’ म्हणजेच केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होते आणि कोणते मूल कोणाला दाखवायचे हे तेथील नोंदणीच्या ज्येष्ठतेच्या क्रमाने ठरते, संस्थेच्या मर्जीने नव्हे. म्हणून पारख दोनदा करावी लागते: एकदा तुमच्या घराचा गृहभेट अहवाल करणाऱ्या जवळच्या संस्थेची आणि दुसऱ्यांदा मूल ज्या संस्थेत आहे तिची, मग ती दुसऱ्या जिल्ह्यात का असेना.

संस्थेला बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये ‘विशेष दत्तक संस्था’ म्हणून मान्यता असली पाहिजे. तिचे नाव काराच्या यादीत पाहावे आणि शंका असल्यास जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारावे. महिला व बाल विकास आयुक्तालय तर पुण्यातच आहे. ससून रुग्णालयाच्या आवारातील ‘श्रीवत्स’ किंवा भारतीय समाज सेवा केंद्र ही नावे पुणेकरांना कित्येक वर्षांपासून परिचित आहेत, तरीही चालू मान्यता तपासण्यात संकोच नसावा. शुल्क नियमाने ठरलेले असते, प्रत्येक रकमेची पावती मिळते आणि दत्तकासाठी इच्छुक पालकांकडून देणगी घेण्यास संस्थेला मनाई आहे.

कागद जुळले तरी खरी ओळख पटते ती गृहभेटीत. आमच्याकडे आलेल्या कार्यकर्तीने कपाटे, खोल्या पाहण्यात फार वेळ घालवला नाही, तिने माझ्या सासूबाईंना विचारले, “बाळ कोणावर गेलंय, असं सोसायटीत कुणी विचारलं तर काय सांगाल?” सासूबाई गप्प झाल्या, आणि त्या संध्याकाळी घरात या विषयावर पहिल्यांदा मोकळेपणाने बोलणे झाले. जी संस्था असे अवघड प्रश्न विचारते, मुलाला त्याचे दत्तक असणे लहानपणापासून सांगावे असा आग्रह धरते आणि मूल घरी आल्यावर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी चौकशीला येते, तिच्यावर विश्वास ठेवावा.

मूल दाखवल्यानंतर ते राखून ठेवण्याचा निर्णय घ्यायला ४८ तासच मिळतात, त्यामुळे बालरोगतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवावे. वैद्यकीय अहवालात वजन, डोक्याचा घेर, लसीकरण आणि रक्ततपासण्या तारखेसह आहेत का, हे बारकाईने वाचावे. आठवड्याआठवड्याच्या वजनाची नोंद मागितल्यावर जी संस्था ती सहज दाखवते, तिथे मुलाकडे रोज लक्ष दिले जाते असे मी समजते. मुलाला बाल कल्याण समितीने दत्तकासाठी मुक्त घोषित केले आहे का, हेही पाहावे. जन्मदात्यांनी मूल सोपवले असेल तर फेरविचारासाठी कायद्याने त्यांना ६० दिवस दिले आहेत, आणि त्या मुदतीचा मान राखणारी संस्था उद्या तुमच्या कुटुंबालाही जपेल.

आम्ही वाट पाहत होतो त्या काळात एका परिचिताने एका प्रसूतिगृहाचे नाव सुचवले होते: पैसे भरा, पुढच्या आठवड्यात बाळ घरी न्या, जन्मदाखल्यावर तुमचेच नाव लावू. थकलेल्या मनाला अशा बोलण्याची भुरळ पडते, हे मी जाणते. मात्र हा मुलाच्या खरेदी-विक्रीचा गुन्हा आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८१ नुसार त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, आणि त्या खोट्या दाखल्यामुळे मुलाचा स्वतःचा इतिहास कायमचा पुसला जातो.

मूल आणायला जाल तेव्हा त्याला रोज सांभाळणाऱ्या ताईंना आवर्जून भेटावे, झोपेच्या आणि दुधाच्या वेळा लिहून घ्याव्यात आणि त्याचे नेहमीचे दुपटे न धुता मागून घ्यावे. आमच्या मुलीला पहिले चार दिवस त्या दुपट्याशिवाय झोप लागत नव्हती.