गाळा घेण्याआधी वहीत मांडायचा हिशेब

ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे, माझं पोळीभाजी केंद्र 14 महिने चाललं. चव बरी होती, गिऱ्हाईकही होतं. बंद पडलं ते हातातली रोकड संपली म्हणून. दुसऱ्या खेपेला मी ज्या क्रमाने गेलो, तो क्रम सांगतो.

1. आधी नुसतं उभं राहा. दलालाला न सांगता जा. एकदा सोमवारी दुपारी, एकदा शनिवारी संध्याकाळी, आणि जमलं तर भर पावसात. समोरच्या फुटपाथची गर्दी मोजू नका. दुभाजक ओलांडून कोणी पोळ्या न्यायला येत नाही. माझ्या दारासमोर मेट्रो 4 च्या कामाचे पत्रे होते. स्कूटर लावायला जागा नाही, हे मला उद्‌घाटनाच्या दिवशी कळलं!

2. रोज किती पार्सलं विकायला हवीत ते काढा. समजा भाडं 45,000, दोन मदतनीस 30,000, वीज-गॅस आणि किरकोळ 15,000. महिन्याला 90,000 झाले. पार्सल 90 रुपयांना विकलं आणि सामान-डबा 50 रुपयांत पडला, तर हातात 40 राहतात. म्हणजे महिन्याला 2,250 पार्सलं. 26 दिवस धरले तर रोज 87. तीच जागा नवी मुंबईत महापे किंवा ऐरोलीच्या कंपन्यांजवळ असेल तर शनिवार-रविवार शुकशुकाट. दिवस 22 उरतात आणि आकडा 103 वर जातो. यात तुमचा स्वतःचा पगार अजून धरलेलाच नाही.

3. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. डिपॉझिट, दलाली, फर्निचर यांच्या आधी. उरेल त्यातच पाटी रंगवा.

4. उधारीला मर्यादा घाला. मी इथेच बुडालो. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसने रोज 40 डबे सांगितले, आणि मी हुरळलो. महिनाअखेरीला बिल, त्यानंतर 45 दिवसांनी पैसे. सामानाचेच महिन्याला 52,000 लागत. पहिला चेक येईपर्यंत अडीच महिने, म्हणजे 1,30,000 रुपये माझ्या खिशातून गेले. वर चेक लांबला. जीएसटीत नोंद असेल तर पैसे आले नाहीत तरी बिलावरचा कर भरावाच लागतो.

म्हणून माल देण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, करा. ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात; उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. 2024-25 या आकारणी वर्षापासून, थकवलेल्या रकमेची प्राप्तिकरातली वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही. त्यांच्या अकाउंटंटला फोन करून हे सांगितलं की बिल लवकर सरकतं. तक्रारीसाठी याच कायद्याखालची सुलभीकरण परिषद आहे, पण तिथे गेलात की ते गिऱ्हाईक परत येईल असं समजू नका. त्यापेक्षा पंधरवड्याचं बिल ठरवा आणि पहिला पंधरवडा आगाऊ मागा.

5. करारात बाहेर पडायची वाट ठेवा. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे गाळा वापरायला देण्याचा करार, रजिस्टर झालाच पाहिजे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात गाळा सोडता येत नाही ती मुदत, सहा महिन्यांच्या वर कबूल करू नका.

आणि किती पैसे गेले की शटर ओढायचं, तो आकडा सुरुवातीलाच लिहून घरच्या कोणाच्या तरी हातात द्या. माझ्याकडे तो नव्हता. शेवटी मेहुणा येऊन वही घेऊन बसला, तेव्हा तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिटातून वळतं झालेलं होतं.