जोंधळ्याची कडक भाकरी: गॅसवर, आणि पावसाळ्यातसुद्धा

कडक भाकरी म्हणजे जास्त भाजलेली भाकरी नव्हे. असं समजून जो तव्याखालची आच वाढवतो, त्याची भाकरी बाहेरून करपते, आतून ओली राहते आणि दोन दिवसांत डब्यात वातड होऊन बसते. मोबाईलवर दिसणाऱ्या बहुतेक कृतींत हेच लिहिलेलं असतं: मोठ्या आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजा. नका भाजू. भाकरी कडक होते ती तिच्यातलं पाणी सावकाश आणि सगळीकडून सारखं निघून गेल्यावर. म्हणून या लेखातली जास्त जागा वाळवण्याला दिली आहे. पीठ, उकड आणि थापणं थोडक्यात सांगते, कारण ज्यांना साधी भाकरी येते त्यांना ते नव्याने शिकायचं नसतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. कडक भाकरी मूळची कोरड्या मुलखातली. अथणी, रायबाग, रामदुर्ग, सौंदत्ती हा आपल्या बेळगाव जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग जोंधळ्याचा, कमी पावसाचा. तिकडे हवाच निम्मं काम करते. भाजलेल्या भाकऱ्या बुट्टीत फडक्याखाली ठेवल्या की रात्रीत आपोआप कडक होतात. बेळगाव शहर आणि खानापूर ही भाताची, पावसाची बाजू. जुलैत इथे पापडसुद्धा वाळत नाहीत. त्यामुळे तिकडच्या पाहुण्यांनी सांगितलेली कृती जशीच्या तशी इथे केली की फसते, आणि मग "आमच्या हाताला येत नाही" म्हणून बायका सोडून देतात. दोष हाताचा नसतो, हवेचा असतो, आणि हवेवर उपाय आहे.

पीठ ताजं हवं. रब्बीचा पांढरा जोंधळा घ्या, शाळू किंवा मालदांडी. बेळगावच्या रविवार पेठेत चांगला निवडक मिळतो. एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त दळू नका आणि गिरणीवाल्याला बारीक दळायला सांगा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग थापताना कडा फाटतात, आणि त्याला कडवट वासही येतो. विरी गेलेल्या पिठात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. लाटायला सोपं जातं हे खरं, पण गव्हातल्या ग्लूटेनमुळे भाकरी चिवट होते आणि दात लावला की मोडत नाही, ओढली जाते. तेल किंवा मोहनही नको. मीठही मी घालत नाही. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आणि या भाकरीसोबत जे खायचं त्यात मीठ भरपूर असतं. संक्रांतीच्या दिवसांत वरून तीळ दाबायचे असतील तर खुशाल दाबा.

उकड मात्र चुकवू नका. जोंधळ्यात ग्लूटेन नसतं, त्यामुळे पीठ एकत्र धरून ठेवण्याचं काम त्यातल्या स्टार्चला करावं लागतं, आणि ते स्टार्च फुलायला साधारण ७० अंशांच्या वरची उष्णता लागते. कोमट पाण्याने हे होत नाही. दोन वाट्या पिठाला दीड वाटी पाण्याचं आधण ठेवा, खळखळून उकळल्यावर परातीतल्या पिठात ओता. थोडं पाणी मागे ठेवा, कारण प्रत्येक जोंधळ्याची पाणी प्यायची ताकद वेगळी. उलथन्याने कालवा, दहा मिनिटं झाका, मग हात सोसेल तेव्हा तळव्याने रगडून मळा. सगळं पीठ एकदम मळून ठेवायचं नाही. एका भाकरीपुरतं घ्या, ओल्या हाताने परत रगडा, लगेच थापा.

आता थापायचं की लाटायचं? मऊ भाकरी थापूनच करावी, तिथे माझं दुमत नाही. कडक भाकरीला मात्र लाटणं चालतं, किंबहुना नवशिक्याने लाटावीच. इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जाडी सारखी असणं. मध्ये जाड आणि कडेला पातळ अशी भाकरी कधीच नीट वाळत नाही. रोजच्या भाकरीच्या निम्म्या जाडीची करा. दोन वाट्यांत पाच-सहा होतात.

भाजणं नेहमीसारखंच. जड लोखंडी तवा, मध्यम आच, पिठाची बाजू वर, त्यावर पाण्याचा हात फिरवायचा, पाणी आटत आलं की उलटायची. फरक एकच: थेट जाळावर टाकून फुगवायची नाही. मऊ भाकरीला पदर सुटला की ती चांगली झाली असं आपण म्हणतो. इथे पदर सुटला तर वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि डब्यात त्याचे तुकडे पडतात. फुगा यायला लागला की घडी केलेल्या सुती फडक्याने लगेच दाबा.

इथवर साधारण सगळ्यांना जमतं. यापुढचं मला सगळ्यात उशिरा जमलं, आणि चुकीचे सल्लेही यापुढच्या टप्प्याबद्दलच सर्वांत जास्त मिळतात.

भाकरी शिजली तरी तिच्यात पाणी भरपूर असतं. ते बाहेर यायला वेळ लागतो, कारण आतलं पाणी आधी पृष्ठभागापर्यंत पोचायला हवं. आच मोठी असेल तर पृष्ठभाग आधी सुकून घट्ट होतो, त्यावर डाग पडतात, आणि आतलं पाणी आतच अडकतं. तव्यावरून उतरवताना अशी भाकरी हाताला कडक लागते. त्यावर विसंबून तुम्ही ती डब्यात ठेवता. मग मधल्या भागातलं पाणी हळूहळू कडांकडे पसरतं आणि दुसऱ्या दिवशी अख्खी भाकरी वाकते. "काल कडक होती, आज नरम कशी झाली?" हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला आहे, आणि प्रत्येक वेळी कारण हेच निघतं. डब्याचं झाकण सैल असल्याचा संशय घेऊन नवे डबे घेतले जातात. डब्याचा काही संबंध नसतो, ओल भाकरीच्या पोटातच असते.

म्हणून दोन तवे वापरा. एका शेगडीवर भाजायचा तवा, दुसरीवर वाळवायचा, आणि दुसऱ्याखालची आच जितकी बारीक करता येईल तितकी बारीक. भाजून झालेली भाकरी या दुसऱ्या तव्यावर जाते आणि पाच ते सात मिनिटं तिथेच राहते. या वेळात पहिल्यावर पुढची भाकरी होते, त्यामुळे वेळ वाया जात नाही. दर अर्ध्या मिनिटाने उलटत राहा. उलटली नाही तर एक बाजू आधी आकसते आणि भाकरी वाटीसारखी वळते. एकदा वळून वाळली की तिला सपाट करता येत नाही, मोडतेच. वळायला लागलेली दिसली की फडक्याने कडा दाबा, मग मध्यभाग, आणि भाकरी तव्यावर फिरवत राहा, म्हणजे ज्योतीच्या बरोबर वरचा भाग सारखा तोच राहत नाही. रंग फिकट राहिला पाहिजे, अधूनमधून बदामी ठिपके चालतील. सगळीकडे तपकिरी दिसत असेल तर आच मोठी आहे, कितीही बारीक वाटत असली तरी. अशा वेळी तव्याखाली आणखी एक तवा ठेवा.

चुलीवर हे सगळं फार सोपं असतं. भाकरी चुलीच्या कडेला निखाऱ्यांसमोर उभी करून ठेवली की झालं, आणि ज्यांच्याकडे चूल आहे त्यांनी तसंच करावं. गॅसची ज्योत एका जागी जळते आणि निखाऱ्यासारखी सगळीकडून ऊब देत नाही, म्हणून हा दोन तव्यांचा खटाटोप.

तव्यावरून उतरवलेल्या भाकऱ्या एकावर एक रचू नका. अजिबात रचू नका. गरम भाकरीतून अजून वाफ निघत असते, ती वरच्या भाकरीत शिरते, आणि इतका वेळ केलेलं काम पाच मिनिटांत पाण्यात जातं. अथणीकडची माझी आत्या भाकरीवर झाकण घालणाऱ्या प्रत्येकीला एवढंच म्हणायची, "वाफ मरू दे गं आधी." भाकऱ्या उभ्या ठेवायच्या. त्यासाठी घरातलं ताटाळं उत्तम. ताटं काढून ठेवा, ते कोरडं पुसा, एकेका खाचेत एकेक भाकरी उभी करा. दोन्ही बाजूंना हवा लागते आणि भाकरी वळतही नाही. वर पंखा लावा.

इथून पुढे ऋतूप्रमाणे दोन वाटा. नोव्हेंबर ते मे या काळात ताटाळ्यावर पातळ फडकं टाकून रात्रभर तशाच राहू द्या. सकाळी कडक झालेल्या असतात, आणि वाटलं तर तासभर ऊन दाखवा. जून ते सप्टेंबरमध्ये मात्र रात्रभर उघड्या ठेवू नका. त्या दिवसांत बाहेरची हवाच ओली असते आणि वाळलेली भाकरी उलट ती ओल पिऊन घेते. पावसाळ्यात फक्त कोमटपणा जाईपर्यंत थांबा, साधारण अर्धा तास, मग प्रत्येक भाकरी पुन्हा बारीक आचेच्या तव्यावर दोन-तीन मिनिटं फिरवा, पूर्ण निवू द्या आणि लगेच डब्यात घाला. हा दुसरा हात दिला नाही तर आमच्याकडच्या पावसात कडक भाकरी टिकत नाही.

ओव्हन असेल तर हे काम त्यातही होतं, पण १०० ते ११० अंशांवर, जाळीवर, पंधरा-वीस मिनिटं, आणि दार थोडं किलकिलं ठेवून, म्हणजे वाफ बाहेर जाईल. १८० अंशांवर ठेवाल तर पहिल्याच परिच्छेदातली गत होईल. मायक्रोवेव्हचा नाद सोडा. त्यात भाकरीचा एक भाग करपतो आणि शेजारचाच भाग वातड राहतो.

झाली की नाही हे कडेवरून ओळखू नका. कडा सगळ्यात आधी वाळतात, मध्यभाग सगळ्यात शेवटी. घाण्यातली सगळ्यात जाड दिसणारी भाकरी घ्या आणि बरोबर मध्ये मोडा. कट्‌कन तुटली तर झाली. तुटण्याआधी जराशी जरी वाकली तरी सगळ्या भाकऱ्या परत तव्यावर. एक भाकरी या तपासणीत गेली म्हणून हळहळू नका, ती लगेच चटणीबरोबर खाऊन टाकायची असते. डब्यात भरल्यावर दुसऱ्या दिवशी अशीच आणखी एक मोडून बघा. नरम वाटली तर अजूनही वेळ गेलेली नसते, परत शेकता येतात.

डबा पत्र्याचा किंवा स्टीलचा, घट्ट झाकणाचा, तळाला सुती फडकं. वर्तमानपत्र नको, शाई लागते. प्लास्टिकच्या पिशवीत गरम भाकरी कधीही भरू नका. नीट वाळलेली भाकरी थंडी-उन्हाळ्यात महिनाभर आरामात राहते. यल्लम्माच्या यात्रेला सौंदत्तीला जाणाऱ्यांच्या शिदोरीत ही असते ती याच गुणामुळे. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा तवा दाखवा. बुरशीचा ठिपका दिसला तर ती भाकरी टाका, खरवडून खाऊ नका, आणि बाकीच्या एकेक करून उजेडात तपासा.

खाण्याबद्दल माझं मत पक्कं आहे: कडक भाकरीला पातळ भाजीपेक्षा घट्ट दही आणि कोरडी चटणी जास्त शोभते. शेंगाची चटणी संकेश्वरी मिरची घालून कुटलेली असावी, मिक्सरमध्ये पीठ केलेली नव्हे. सोबत कारळ्याची चटणी, तेलावर परतलेली भरली वांगी, बुक्कीने फोडलेला कांदा आणि मेथीची कोवळी पानं असली की पाहुण्यांच्या पंगतीलाही दुसरं काही लागत नाही. डाळीत चुरायची असेल तर डाळ उकळती हवी आणि चुरल्यावर दोन मिनिटं थांबायचं.

डब्याच्या तळाशी महिनाअखेर जो चुरा जमतो तो फेकू नका. लसूण आणि ब्याडगी मिरचीच्या फोडणीत परतून वर ताक शिंपडा, झाकण ठेवून एक वाफ काढा आणि गरम असतानाच खा.