गृहपाठाला ऑनलाइन मदत करताना

दहावीच्या विद्यार्थ्याने वर्गसमीकरणाचा फोटो पाठवून उत्तर विचारले, तर आधी त्याने स्वतः केलेल्या पायऱ्या मागवाव्यात. समजा, गुणाकार ६ आणि बेरीज −५ येईल अशा दोन संख्या हव्या असताना त्याने २ आणि ३ घेतल्या असतील, तर चूक न दाखवता ‘यांची बेरीज करून बघ’ एवढेच सुचवावे आणि −२ व −३ त्याला सापडेपर्यंत थांबावे. हे थांबणेच सर्वांत अवघड असते. तरीही तो अडला, तर तसेच दुसरे उदाहरण पूर्ण सोडवून दाखवावे. गृहपाठाला अंतर्गत मूल्यमापनात गुण असल्यामुळे तयार उत्तर पुरवणे हा स्वतः कष्ट करणाऱ्या मुलांवर अन्याय आहे, असे मला ठामपणे वाटते. प्रश्न चालू परीक्षेतला असल्याची शंका आल्यास मदत स्पष्टपणे नाकारावी.