असाइनमेंट नुसती तपासू नका, बोलून घ्या

इंजिनीअरिंग कॉलेजात नव्याने शिकवायला लागलेल्यांना पहिल्याच महिन्यात एक गोष्ट दिसेल. एकाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि सबमिशनला अख्ख्या वर्गाच्या वह्यांत तेच उत्तर, चूक असली तर तीच चूक. असा गठ्ठा तपासून कोणाला काय येतं ते कळत नाही. मी पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवते. माझ्याकडे ट्यूटोरियलला प्रत्येकाने शेजारी बसून एक गणित तोंडी समजावायचं, मगच सही.

साधं गणित घ्या. 6 मीटरचा बीम (आडवी तुळई), डावीकडे 'ए'ला हिंज, उजवीकडे 'बी'ला रोलर, हे तिचे दोन आधार, 'ए'पासून 2 मीटरवर 12 किलोन्यूटनचा लोड. वहीत 'ए'ची रिअ‍ॅक्शन, म्हणजे आधाराने वर दिलेलं बल, 8, 'बी'ची 4. अगदी बरोबर. मुलगा धडाधड वाचत सुटतो, ‘सिग्मा एम इज इक्वल टू झिरो…’ म्हणजे सगळ्या मोमेंटची (बल गुणिले अंतर, फिरवण्याचा जोर) बेरीज शून्य. मी विचारते, मोमेंट 'ए'भोवतीच का घेतलास? बरेच जण इथे अडतात. ‘मॅडम, तसंच घेतात ना?’ 'ए'वरची रिअ‍ॅक्शन 'ए'मधूनच जाते, तिचा मोमेंट शून्य, म्हणून समीकरणात एकच अज्ञात राहतं, हे त्याच्या तोंडून यायला हवं. मग पुढचा प्रश्न: लोड मधोमध सरकवला तर? आणि थेट 'ए'वर आणला तर? पेन न उचलता ‘सहा-सहा’ आणि ‘सगळा 'ए'वर, 'बी'ला शून्य’ म्हणणाऱ्याला बीम दिसायला लागलेला असतो.

मिशेलिन ची (Chi) या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये मेकॅनिक्सचीच सोडवलेली उदाहरणं अभ्यासणारे विद्यार्थी पाहिले. ज्यांना पुढची गणितं चांगली जमली, ते वाचताना प्रत्येक पायरीचं कारण स्वतःला सांगत होते. ही सवय लावता येते, म्हणून तर हा खटाटोप.

प्रश्न विचारलात की गप्प बसा. ही शांतता नवीन शिक्षकाला सोसवत नाही, तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. मूल आकृतीकडे बघत असेल तर बघू द्या. मराठीतून बोललं तर बोलू द्या. मराठी माध्यमातून आलेली कितीतरी मुलं इंग्रजीत ‘येस मॅडम’च्या पुढे जात नाहीत आणि मराठीत फ्री बॉडी डायग्रामची (वस्तू सुटी काढून तिच्यावरची बलं दाखवणारी आकृती) एकेक रेघ का काढली ते सांगतात. विद्यापीठाच्या ओरलला इंग्रजी लागेल, त्याची तयारी नंतर होते.

20 जणांची बॅच एका तासात होत नाही. निम्मे या आठवड्यात, निम्मे पुढच्या. कोणतं गणित विचारणार ते आधी सांगू नका. भित्र्या मुलांना फळ्यासमोर उभं करू नका. शेजारच्या खुर्चीवर तीच मुलं छान बोलतात.

मार्कांचं म्हणाल, तर उत्तर चुकलं पण कुठे चुकलं ते बोलता बोलता त्यानेच पकडलं, तर मी पूर्ण मार्क देते. आणि वही मित्राची उतरवलेली असूनही प्रत्येक पायरीचं कारण नीट सांगितलं, तर त्यालाही.