स्लेड ठोकली? धक्का कुठवर गेलाय ते आधी शोधा

जानेवारीत रस्त्याकडेच्या चरातून चाललो होतो, वर ताजा भुसभुशीत बर्फ, आणि कुणाच्या तरी शेतात जायच्या वाटेखाली मोरीचा पाइप होता तो दिसलाच नाही. डावी स्की त्यावर आपटली आणि मी बर्फात पालथा. इथे मिनेसोटात चरातून स्नोमोबाइल पळवणं रोजचंच, त्यामुळे असं ठोकणारा मी काही पहिला नाही, पण नंतर दुरुस्तीत मी जो गाढवपणा केला तो तुम्ही करू नका म्हणून लिहितोय. (स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे ट्रॅक, म्हणजे फिरणारा रुंद रबरी पट्टा, असलेली बर्फावरची गाडी. तिला इथे सगळे स्लेडच म्हणतात, मीही तेच म्हणणार.)

आधी स्वतःकडे बघा. डोकं गरगरतंय, मळमळतंय तर चालवायची नाही, विषय संपला. हेल्मेट जोरात आपटलं असेल तर ते बाद, बाहेरून ओरखडाही नसला तरी, कारण आतला थर्माकोल एकदा चेपला की चेपला.

मग स्लेड. पेट्रोलचा वास येत असेल तर स्टार्टरला हात लावू नका. इंजिन बंद असतानाच थ्रॉटल दाबून सोडा, टपकन मागे आला पाहिजे, तिथे बर्फ अडकून बसतो आणि चालू केल्या केल्या गाडी पळते. हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून परत तेच करा, कारण केबल कुठे ताणली गेली असेल तर ती वळवतानाच ओढली जाते. ब्रेक दाबून बघा. आणि स्लेड उलटी पडून राहिली असेल तर टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आत उतरलेलं असू शकतं, स्टार्टरची दोरी जड लागली तर जोर लावायचा नाही, किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) दाबलेला ठेवून स्पार्क प्लग काढा, हळूहळू दोरी ओढून आतलं बाहेर येऊ द्या, तोंड लांब ठेवून, आणि प्लगच्या वायरी त्या भोकांपासून दूर. फोर-स्ट्रोक असेल तर एअरबॉक्समध्ये ऑइल शिरलंय का ते उघडून बघा.

माझा खालचा ए-आर्म (स्कीला सांगाड्याशी जोडणारा आडवा हात) आणि टाय रॉड (हँडल फिरवलं की स्की वळवणारा दांडा) वाकले होते, स्की बाहेर तोंड करून बसलेली. रॅचेट पट्ट्याने ती ओढून बांधली आणि चालण्याच्या वेगाने घरी आलो.

घरी आल्यावर घाई करू नका. रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून बर्फ वितळू द्या, बर्फाखाली भेगा लपतात. काहीही खोलायच्या आधी इन्शुरन्ससाठी फोटो काढा, मग हूड, साइड पॅनल, पोटाखालचं प्लास्टिक सगळं उतरवा.

आता मुख्य गोष्ट. आर्म वाकला ही चांगली बातमी आहे! तो बिचारा वाकला म्हणून बल्कहेड, म्हणजे ज्यावर अख्खा पुढचा भाग बसतो तो सांगाडा, वाचला असण्याची शक्यता आहे. पण शक्यताच, खात्री नाही. म्हणून धक्का ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने जायचं: स्की, स्पिंडल (स्कीला आर्मशी जोडणारा उभा दांडा), आर्म, आर्मचे बोल्ट, बल्कहेड, मग टनेल (सीटखालचा लांब पत्र्याचा भाग, ज्याखाली ट्रॅक फिरतो). बोल्टचं भोक गोल आहे की लांबट झालंय? वेल्डिंगजवळ रंग तडकलाय? रिव्हेटभोवती काळपट कडं दिसलं तर तो रिव्हेट ढिला होऊन हलतोय असं समजा. नंतर सुतळी घ्या, टनेलच्या मागच्या टोकाला बरोबर मधोमध एक खूण करा आणि तिथून दोन्ही बाजूंच्या आर्मच्या बोल्टपर्यंत अंतर मोजा. २-३ मिलिमीटरचा फरक आला तर परत मोजा, बोटभर आला तर सांगाडा वाकलाय. बल्कहेड आणि टनेल दोन्ही गेले असतील तर मी तरी ती स्लेड पार्टसाठी विकून टाकीन.

मी हे काहीच केलं नाही. नवा आर्म, नवा टाय रॉड, झालं. वरून कीर्तन आतून तमाशा. दोन फेऱ्यांत बेल्टच्या (दोन क्लचवरून फिरून इंजिनचा जोर ट्रॅककडे नेणारा पट्टा) चिंध्या झाल्या, तेव्हा कळलं की इंजिनच्या माउंटचं एक रबर फाटलंय, इंजिन जरासं सरकलंय आणि त्यामुळे दोन्ही क्लच एका रेषेत राहिलेले नाहीत. बेल्ट एकाच कडेने झिजत असेल तर बेल्टला शिव्या देऊ नका, माउंट बघा.

कूलंटही तपासा. बऱ्याच स्लेडला गाडीसारखा रेडिएटर नसतो, टनेलच्या खालीच कूलर असतात आणि ट्रॅकने उडवलेला बर्फ त्यांना गार ठेवतो, त्यामुळे टनेल चेपलं की कूलरही फुटू शकतो. सांडलेलं कूलंट लगेच पुसा, गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि ते विष आहे. ट्रॅक फिरवून बघायचा तर स्लेड पक्क्या स्टँडवर, आणि मागे कोणीही उभं नको.

दुरुस्ती. वाकलेला आर्म तापवून ठोकून सरळ करू नका, बदला. पोलारिस आणि आर्क्टिक कॅट दोन्ही इथल्याच, त्यामुळे जुने पार्ट या भागात बरे मिळतात. जाडजूड आर्म लावावा असा सल्ला देणारे भेटतील, माझं मत उलटं, आर्म वाकला नाही तर पुढचा धक्का थेट बल्कहेड खातो. ढिले रिव्हेट ड्रिलने डोकं उडवून काढा आणि तिथे मजबूत स्ट्रक्चरलच लावा, साधे नकोत. पोटाखालच्या प्लास्टिकला इपॉक्सी सहसा धरत नाही, भेगेच्या टोकाला छोटं भोक पाडा म्हणजे ती पुढे जात नाही, आणि दोन्ही कडांना भोकं पाडून झिप टायने गोधडीसारखं शिवा, दिसायला भिकार पण टिकतं.

शेवटी स्की सरळ करणं. हँडल सरळ, दोन्ही स्कीची टोकं रबरी दोरीने एकमेकांकडे ओढलेली म्हणजे ढिलेपणा जातो, ट्रॅकच्या कडेला लांब सरळ पट्टी, आणि त्या पट्टीपासून स्कीखालच्या कार्बाइडचं (बर्फात रुतणारी कडक धातूची धार) अंतर पुढे आणि मागे मोजायचं. पुढची टोकं किंचित बाहेर हवीत, किती ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. कार्बाइडच वाकलेलं असेल तर माप खोटं येतं. टाय रॉडचे लॉकनट आवळायला विसरू नका, नायलॉनवाले नट नवेच घाला.

सगळे बोल्ट टॉर्क रेंचने आवळून झाले की प्रत्येकावर पेंट मार्करने एक रेघ ओढा, बोल्टपासून खालच्या पत्र्यापर्यंत. पहिली १०-१५ किलोमीटरची फेरी मारून या आणि रेघा बघा, रेघ तुटली म्हणजे तो बोल्ट फिरलाय. माझ्या दोन रेघा तुटल्या होत्या.