पिल्लाच्या पोटावर पुळ्या? आधी ती ट्यूब खाली ठेवा

कुत्र्याच्या तीन-चार महिन्यांच्या पिल्लाच्या पोटावर, जांघेत, जिथे केस विरळ असतात तिथे पू भरलेल्या बारीक पुळ्या येतात. फुटल्या की खपली धरते आणि कडेने गोल सालपट सुटतं. तो गोल बघून अर्धे लोक ‘गजकर्ण’ म्हणून मोकळे होतात. बहुतेकदा काम असतं स्टॅफिलोकॉकस जंतूंचं. ते कुत्र्याच्या कातडीवर एरवीही असतातच. ओलं अंथरूण, पिसवा, पोटातले जंत यांच्यामुळे त्यांचं फावतं. प्रकरण सहसा किरकोळ असतं. बिघडवतो तो आपला उतावीळपणा.

माझा सगळ्यात जास्त राग घरातल्या ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ मलमावर आहे. अशा ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. माझ्याकडे सांभाळायला आलेल्या एका पिल्लाला आधीच्या घरी आठवडाभर हेच चोपडलं होतं. लाली दोन दिवसांत गेली, सगळे खूश. मग डोळ्यांभोवतीचे केस गेले, पाठोपाठ पुढचे पाय उघडे पडले. डॉक्टरांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर डेमोडेक्सचे, म्हणजे केसांच्या मुळाशी राहणारे सूक्ष्म किडे! स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली आणि त्यांना रान मोकळं मिळालं. पाच मिनिटांची ती तपासणी आधी झाली असती, तर पुढचे तीन महिने वाचले असते. शिवाय लावलेलं मलम पिल्लू चाटतं, म्हणजे ते पोटातही जातं.

दुसरी चूक शाम्पूची. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू आणतात, फेस करतात, लगेच धुतात आणि वर म्हणतात, ‘गुण नाही आला.’ कसा येईल? तो दहा मिनिटं अंगावर राहायला हवा. मी घड्याळ लावून पिल्लू मांडीवर घेतो आणि अखंड बडबडत बसतो. डोळे-कान वाचवायचे, नंतर जांघेतल्या घड्याही कोरड्या करायच्या.

बाकीचं थोडक्यात. पुळ्या फोडू नका. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी आहे, ‘नैसर्गिक’ असलं तरी. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तर नकोच. काही औषधं वाढत्या पिल्लाच्या सांध्यांतल्या कूर्चेला बाधतात. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही, चौथ्या दिवशी पुळ्या बऱ्या वाटल्या म्हणून, मनाने थांबवू नका.

आणि पापण्या, ओठ सुजलेत, गळ्याखाली गाठी आल्यात, पिल्लू मलूल आहे, असं दिसलं तर शाम्पूत वेळ घालवू नका. तो आजार वेगळा असू शकतो. गंमत म्हणजे त्यावर स्टेरॉइडच द्यावं लागतं, पण डॉक्टरांनी तपासून, आणि तेही लवकर. त्याच दिवशी पिल्लू घेऊन निघा.