रिकाम्या जागांचा नकाशा करताना या चुका टाळा

वस्तीतल्या पडून असलेल्या जागा नकाशावर आणून तिथे वाचनालय किंवा मुलांसाठी मैदान मागायचे, अशा चांगल्या हेतूने उत्साही मंडळी संगणकासमोर बसतात आणि वर्षानुवर्षे त्याच त्या चुका करतात.

त्यांतली माझी सर्वांत नावडती चूक म्हणजे उपग्रहचित्र पाहून किंवा रस्त्यावरून एक नजर टाकून जागेला 'रिकामी' ठरवणे. पुण्यातल्या एका पेठेत आमच्याच गटाने एका वाड्यावर असा शिक्का मारला होता; दर्शनी दाराला गंजलेले कुलूप, भिंतीतून पिंपळ वर आलेला, छपराची कौले ढासळलेली, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. नकाशा वाटून झाल्यावर मी बोळातून मागच्या अंगाला गेलो, तर दोरीवर लुगडे वाळत होते आणि जुन्या भाडेकरू असलेल्या आजींनी पहिलाच प्रश्न विचारला, "खोली खाली करायला सांगायला आलात का?" तेव्हापासून मी प्रत्येक जागी दोनदा जातो, एकदा दिवसा आणि एकदा दिवेलागणीनंतर, शेजारच्या इस्त्रीवाल्याशी बोलतो, आणि 'रिकामी' न लिहिता 'बंद दिसली' असे तारखेसह नोंदवतो. इतका धीर नसेल त्याने हे काम हातात घेऊ नये. 2011 च्या जनगणनेत रिकामी घरे मोजली गेली असली, तरी ते आकडे घराच्या पत्त्यानिशी मिळत नाहीत, त्यामुळे फेरी चुकत नाही.

दुसरी चूक क्षुल्लक वाटते, पण आठवडा खाते. सातबाऱ्यावरचा 12/3 हा हिस्सा क्रमांक एक्सेलमध्ये टाकला, की त्याची मुकाट्याने तारीख होते आणि मग तक्ता नकाशाशी जुळत नाही. माहिती चिकटवण्यापूर्वीच तो रकाना 'टेक्स्ट' करावा. नंतर केल्यास मूळ क्रमांकाऐवजी भलताच पाच आकडी आकडा हाती येतो. पेठांमध्ये मात्र सातबारा शोधत बसू नये, तिथे नगर भूमापन क्रमांक (सिटी सर्व्हे नंबर) आणि मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) पाहावी.

अक्षांश-रेखांशांची अदलाबदल केली, तर पुण्याचे 18.52 आणि 73.85 नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडतात. वेब मर्केटर प्रक्षेपात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायच्या वेबनकाशांच्या नेहमीच्या पद्धतीत, सपाट क्षेत्रफळ काढले, तर 10 गुंठ्यांचे 11 गुंठे होतात. त्याऐवजी मीटरमध्ये मोजणारा यूटीएम हा प्रक्षेप वापरावा आणि पुण्यासाठी त्याचा 43 उत्तर विभाग घ्यावा. गूगलच्या चित्रावरून रेषा गिरवून ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर चढवू नये, कारण परवान्यात ते बसत नाही.

मालकाचे नाव सातबाऱ्यावर कुणालाही दिसते, तरी कुलूपबंद घराच्या खुणेशेजारी ते छापू नये. असा नकाशा चोर आणि जमिनीचे दलालही तितक्याच आवडीने वाचतात.